पायथन लायब्ररीला मारियाडीबीचा सपोर्ट जोडायचा आहे: सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ_पायथन

नमस्कार मंडळी,

नाशिकमधले आम्ही काही जण मिळून पायथनची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो. मॉडेल लिहायचं, क्वेरी बांधायची, मायग्रेशन चालवायचं, एवढंच तिचं काम. आज ती पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या दोनच डेटाबेसवर चालते. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आवक, वजन, हिशेबपट्टीचे प्रोग्रॅम लिहिणारे ती वापरतात आणि त्यांची मागणी एकच: मारियाडीबीवर चालवा. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर तेवढंच मिळतं, शिवाय अकाउंटंट मंडळींना पीएचपीमायॲडमिनची सवय आहे.

ब्रांच काढली आहे. ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारं पॅकेज) पायमायएसक्यूएल. नावांभोवतीचे डबल कोट काढून बॅकटिक लावले, प्लेसहोल्डर प्रश्नचिन्हावरून टक्का-एसवर नेला, ऑटो इन्क्रिमेंट जोडलं. साध्या क्वेरी नीट चालतात. पुढे मात्र चार ठिकाणी गाडी अडते:

एक, काहीही न बदलता तोच ऑब्जेक्ट पुन्हा सेव्ह केला की १०६२, डुप्लिकेट एंट्री.
दोन, नोंद ठेवून लगेच परत वाचली तर वेळ जुळत नाही.
तीन, मायग्रेशन मध्येच पडलं तर आधीचे टेबल तसेच राहतात, रोलबॅक होत नाहीत.
चार, कांद्याचा भाव १८५०.५० ठेवला तर १८५१ परत येतो. एरर काहीच नाही.

हे एकेक करून मिटवत जावं, की रचनाच बदलायला हवी? आणि हा सपोर्ट मूळ पॅकेजमध्येच ठेवावा की वेगळं पॅकेज काढावं? किमान आवृत्ती कोणती धरावी?

सातपूर_बॅकएंड

चारही अडचणींचं मूळ एकच आहे. बॅकटिक, टक्का-एस हे फरक ताबडतोब एरर देतात, म्हणून ते सापडतात आणि मिटतात. त्रास देतात ते एरर न देता वेगळं वागणारे फरक. तुमचा चौथा मुद्दा त्यातला सगळ्यात वाईट, कारण तिथे पैसे बदलतात आणि कोणाला कळतही नाही. तिथूनच सुरू करू.

पोस्टग्रेसमध्ये नुसतं न्यूमेरिक लिहिलं तर दशांश स्थळांवर बंधन येत नाही. मायएसक्यूएल कुळात (मारियाडीबी ही मायएसक्यूएलचीच फुटलेली शाखा) नुसतं डेसिमल म्हणजे डेसिमल(१०,०). दशांश स्थळं शून्य, म्हणून भाव पूर्णांकाला नेला जातो. स्ट्रिक्ट मोड चालू असला तरी सर्व्हर फक्त एक नोट नोंदवतो, ड्रायव्हर अपवाद फेकत नाही. उपाय कंपायलरमध्ये (मॉडेलपासून एसक्यूएल बनवणाऱ्या भागात) आहे: डेसिमल फील्डला एकूण अंक आणि दशांश स्थळं दिलेली नसतील तर या बॅकएंडवर (लायब्ररीच्या मारियाडीबीसाठीच्या भागात) टेबल तयार करायलाच नकार द्या. मनाने (१२,२) धरू नका. वजन क्विंटलमध्ये ठेवणाऱ्याला तीन दशांश लागतात, भावाला दोन पुरतात. हा निर्णय लायब्ररीचा नाही.

पहिला मुद्दा. अपडेट केल्यावर हे सर्व्हर किती ओळी जुळल्या ते सांगत नाहीत, किती ओळी खरोखर बदलल्या ते सांगतात. तुमचं सेव्ह बहुधा आधी अपडेट करून बघतं आणि शून्य आलं तर इन्सर्टकडे वळतं. काहीच बदललं नाही की शून्य, मग इन्सर्ट, मग १०६२. कनेक्शन उघडतानाच क्लायंट_फ्लॅगमध्ये फाउंड_रोज द्या, म्हणजे जुळलेल्या ओळींचा आकडा मिळेल. जँगो आणि एसक्यूएलअल्केमी दोघंही हेच करतात. एक लक्षात ठेवा, या फ्लॅगने ऑन डुप्लिकेट की अपडेटचा आकडाही बदलतो. नवी ओळ असेल तर १, जुनी बदलली तर २, आणि जुनी जशीच्या तशी राहिली तर एरवी ० यायचा तिथे आता १ येतो. ‘१ आला म्हणजे नवी ओळ’ असं गृहीत धरणारा कोड कुठे असेल तर तो आधी शोधा.

दुसरा मुद्दा. नुसतं डेटटाइम लिहिलं तर सेकंदापुढचं काही साठत नाही, डेटटाइम(६) लिहावं लागतं. यातही मायएसक्यूएल आणि मारियाडीबी वेगवेगळं वागतात. मायएसक्यूएल जवळच्या सेकंदाला नेतं, मारियाडीबी डिफॉल्टने पुढचे अंक छाटतं. रात्री २३:५९:५९.७ ची नोंद एकावर त्याच दिवसात राहते, दुसऱ्यावर उद्यात जाते, आणि रोजच्या आवकेची बेरीज दोन सर्व्हरवर दोन येते. टाइमझोनबद्दल नियम साधा ठेवा: लायब्ररीने यूटीसीच (जागतिक प्रमाण वेळ) साठवायची, कनेक्शन उघडल्याबरोबर सेशनचा टाइम_झोन ‘+००:००’ करायचा. कन्व्हर्ट_टीझेडला ‘एशिया/कोलकाता’ असं नाव देण्याच्या फंदात पडू नका. सर्व्हरवर टाइमझोनचे टेबल भरलेले नसले की ते फंक्शन एरर न देता नल (रिकामी किंमत) परत देतं, आणि शेअर्ड होस्टिंगवर ते टेबल भरणं आपल्या हातात नसतं. ‘+०५:३०’ दिलं की काम होतं.

तिसरा मुद्दा कोडने मिटणारा नाही. इथे क्रिएट टेबल, ऑल्टर टेबल यांच्यासोबत आपोआप कमिट होतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटवर अख्खं मायग्रेशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळता येतं, इथे ती सोयच नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये डीडीएल (टेबलची रचना बदलणारी स्टेटमेंट) अणुरूप झालं, म्हणजे पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही, ते एकेका स्टेटमेंटपुरतं, चार स्टेटमेंटचा गठ्ठा अजूनही मागे घेता येत नाही. म्हणून मायग्रेशनच्या नोंदवहीत फक्त मायग्रेशनचं नाव न ठेवता पायरीचा क्रमांकही ठेवा. प्रत्येक डीडीएल झालं की लगेच क्रमांक पुढे सरकवायचा. तिसऱ्या पायरीला पडलं तर पुन्हा चालवताना तिसरीपासून सुरू. डीडीएल आणि त्याची नोंद यांच्या मधल्या क्षणी वीज गेली तर तीच पायरी पुन्हा चालेल, तेव्हा टेबल किंवा कॉलम आधीच आहे का हे इन्फर्मेशन_स्कीमामधून पाहून घ्या. मारियाडीबीला ‘ॲड कॉलम इफ नॉट एक्झिस्ट्स’ चालतं, मायएसक्यूएलला नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन ठिकाणांहून एकाच वेळी मायग्रेशन सुरू होऊ नये म्हणून पोस्टग्रेसवर ॲडव्हायझरी लॉक घेत असाल. इथे गेट_लॉक आहे. ते कनेक्शनला बांधलेलं असतं, कमिटने सुटत नाही. मायग्रेशनला हे सोयीचंच आहे. फक्त कनेक्शन पूलमध्ये परत जाण्याआधी रिलीज_लॉक विसरू नका.

आता रचना. कंपायलरमध्ये जागोजागी ‘डेटाबेस मारियाडीबी असेल तर’ अशा अटी घालायला सुरुवात केलीत तर चौथा डेटाबेस जोडताना त्या सगळ्या पुन्हा वाचाव्या लागतील. त्याऐवजी प्रत्येक बॅकएंडचा एक फीचर क्लास करा आणि त्यात निव्वळ तथ्यं ठेवा: डीडीएल रोलबॅक होतं का, इन्सर्टमधून रिटर्निंग (घातलेली ओळ परत) मिळतं का, क्रम लावताना नल कुठे लागतात, नावाची कमाल लांबी किती. बाकी कोड फक्त त्यालाच विचारतो. जँगोच्या बॅकएंडमध्ये जोडणी, फीचर्स, ऑपरेशन्स, स्कीमा एडिटर, इंट्रोस्पेक्शन अशा वेगळ्या फायली आहेत. ती विभागणी छोट्या लायब्ररीलाही पेलते. बदलाचा क्रमही महत्त्वाचा: आधी पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटचा आजचा कोड या साच्यात हलवा, सगळ्या चाचण्या हिरव्या असताना तो मर्ज करा, आणि त्यानंतरच तिसरा बॅकएंड आणा. दोन्ही बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये आले तर तपासणाऱ्याला काहीच धड दिसत नाही.

निफाड_स्कीमा

वरचं सगळं पटलं. अपसर्टवर (ओळ असेल तर बदल, नसेल तर नवी घाल) मात्र स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण तिथे चुकीच्या माणसाची ओळ बदलते.

पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये ऑन कॉन्फ्लिक्ट लिहिताना कोणत्या कॉलमवरची टक्कर धरायची ते सांगता येतं. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या ऑन डुप्लिकेट की अपडेटला ते सांगता येत नाही. टेबलवरच्या कुठल्याही युनिक कीवर टक्कर झाली की ते अपडेटकडे वळतं. समजा, शेतकरी टेबलवर खाते क्रमांक युनिक आहे आणि मोबाइल क्रमांकही युनिक आहे. तुम्ही खाते क्रमांकावर अपसर्ट मागितलं. नवा खाते क्रमांक आला, पण मोबाइल घरातल्या दुसऱ्या खातेदाराच्या नावावर आधीच नोंदलेला आहे. पोस्टग्रेस इथे युनिक व्हायोलेशनची एरर देईल, आणि तेच बरोबर आहे. मारियाडीबी मुकाट्याने त्या दुसऱ्या खातेदाराची ओळ बदलेल. नाव, बँक खातं, सगळं.

म्हणून तुमच्या अपसर्टला टक्करीचे कॉलम हे आर्ग्युमेंट असेल तर या बॅकएंडवर कंपायलरने मॉडेलवरच्या युनिक की मोजाव्यात. दिलेल्या कॉलमखेरीज आणखी एखादी युनिक की असेल तर स्पष्ट संदेश देऊन अपवाद फेकावा. आपोआप वाढणारा आयडी इन्सर्टमध्ये दिलेलाच नसेल तर तो मोजायची गरज नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ट्रान्झॅक्शनमध्ये सिलेक्ट फॉर अपडेट करून पुढे जावं. सोय थोडी कमी होईल, पण चालेल.

अपडेटच्या भागात नवी किंमत कशी लिहायची यावरही दोघांची वाट वेगळी झाली आहे. मायएसक्यूएलने ८.०.१९ पासून नव्या ओळीला टोपणनाव देण्याची पद्धत आणली आणि ८.०.२० पासून जुनं व्हॅल्यूज() फंक्शन टाकाऊ ठरवलं. मारियाडीबीला ते टोपणनाव समजत नाही, तिथे व्हॅल्यूज() हेच बरोबर. म्हणजे फीचर क्लास एक असला तरी ‘मारियाडीबी की मायएसक्यूएल’ हा प्रश्न कनेक्शन उघडल्यावर सोडवावाच लागतो. तो आवृत्तीच्या मजकुरावरून सोडवताना सांभाळा. मारियाडीबी १०.x हँडशेकमध्ये (कनेक्शन जुळतानाच्या पहिल्या निरोपात) आवृत्ती ‘५.५.५-१०.६.१२-मारियाडीबी’ अशी सांगते. पुढचं ५.५.५ रेप्लिकेशनच्या जुन्या सोयीसाठी चिकटवलेलं आहे. पहिले तीन आकडे उचलणारा कोड सर्व्हरला ५.५ समजतो आणि निम्मी फीचर्स बंद करतो. सिलेक्ट व्हर्जन() चालवलं तर तो उपसर्ग येत नाही, म्हणून तेच वापरा.

इन्सर्टनंतरचा आयडी: मारियाडीबीत १०.५ पासून इन्सर्ट रिटर्निंग आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. तिथे लास्ट_इन्सर्ट_आयडी. अनेक ओळी एकदम घातल्या तर ते पहिल्या ओळीचा आयडी देतं. पुढचे आयडी एकेक मिळवून काढायचा मोह होतो, तो टाळा. तीन सर्व्हर जोडून चालवलेल्या गॅलेरा क्लस्टरवर ऑटो_इन्क्रिमेंट_इन्क्रिमेंट १ नसतो, आयडी तीन-तीनने उड्या मारत जातात. बल्क इन्सर्टचे आयडी मायएसक्यूएलवर मिळणार नाहीत असं फीचरमध्ये लिहून मोकळं व्हा.

बाकीचे बारके फरक भराभर लिहितो, प्रत्येकाला एक चाचणी हवी. लिमिटशिवाय ऑफसेट चालत नाही, म्हणून लिमिटला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा द्यावा लागतो, डॉक्युमेंटेशनमध्येही तोच आहे. पाच भागिले दोन पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटवर २, इथे २.५०००. पूर्णांक भागाकाराला डिव्ह वापरा. दोन उभ्या रेघा इथे जोडणी करत नाहीत, ‘किंवा’ करतात. कॉन्कॅट वापरा, पण एकही नल आला की इथे अख्खा निकाल नल होतो, पोस्टग्रेसचं कॉन्कॅट नल गाळतं. चढत्या क्रमाने लावताना पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतं, इथे ते सुरुवातीला येतात आणि नल्स लास्ट हे शब्दच चालत नाहीत. ऑर्डर बायमध्ये आधी ‘कॉलम इज नल’ घाला. ज्या टेबलमध्ये अपडेट करताय त्यातूनच सबक्वेरी घेतली तर मायएसक्यूएल १०९३ ही एरर देतं, ती सबक्वेरी आणखी एका सबक्वेरीत गुंडाळावी लागते.

आणि लाइकमधला टक्का. पायमायएसक्यूएल आर्ग्युमेंट मिळाले तरच मजकुरात भरणी करतं. नन (पायथनमधलं ‘काहीच नाही’) दिलं तर एक टक्का पुरतो, रिकामं टपल दिलं तरी दोन लागतात. तुमच्या एक्झिक्यूट फंक्शनने नेहमी टपलच द्यायचं आणि कंपायलरने नेहमी दुहेरी टक्काच लिहायचा, असा एकच नियम करा.

देवळाली_डेव्ह

पॅकेज मूळ की वेगळं, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. वेगळं ठेवा. पायथनमध्ये एंट्री पॉइंट (बाहेरच्या पॅकेजने स्वतःची नोंद करायची सोय) आहेत, मूळ लायब्ररी इम्पोर्टलिब.मेटाडेटामधून बॅकएंड शोधू शकते. एसक्यूएलअल्केमीचे बाहेरचे डायलेक्ट याच वाटेने जोडले जातात. फायदा असा की मारियाडीबीची एखादी दुरुस्ती करायला मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती काढावी लागत नाही, आणि ज्यांना नको त्यांच्यावर जास्तीचा भार पडत नाही.

लायसन्सही बघा. पायमायएसक्यूएल एमआयटी आहे, मायएसक्यूएलक्लायंट जीपीएल आहे. जीपीएलचा ड्रायव्हर थेट अवलंबनात घातलात तर वापरणाऱ्या कंपन्या प्रश्न विचारतील.

सातपूर_बॅकएंड

लायसन्सचा मुद्दा रास्त आहे, पण त्याला वेगळं पॅकेज लागत नाही. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये ऑप्शनल डिपेंडन्सी लिहा, ज्याला हवं तो चौकटी कंसात मारियाडीबी लिहून इन्स्टॉल करेल. ड्रायव्हरचं इम्पोर्ट बॅकएंड निवडल्यावरच व्हायला हवं, फाइलच्या माथ्यावर नको.

वेगळ्या पॅकेजला माझा विरोध आत्तापुरताच आहे. दोन डेटाबेसवर बेतलेली अंतर्गत रचना तिसरा आल्यावर हमखास हलते. वर निफाड_स्कीमा यांनी सांगितलेला अपसर्टचा नियम मूळ कंपायलरची सही बदलल्याशिवाय घालता येणार नाही. दोन रेपॉझिटरी असतील तर असा प्रत्येक बदल दोन पुल रिक्वेस्टमध्ये, ठरावीक क्रमाने न्यावा लागेल, आणि मधल्या काळात एक बाजू मोडलेली राहील. आधी आत जोडा, दोन आवृत्त्या निघू द्या, फीचर क्लास स्थिर झाला की एंट्री पॉइंट जाहीर करा. चौथा डेटाबेस खुशाल बाहेर जाऊ द्या.

देवळाली_डेव्ह

हे मान्य. मग फीचर क्लासच्या डॉकस्ट्रिंगमध्ये ‘अंतर्गत, कधीही बदलेल’ असं ठळक लिहा, नाहीतर लोक त्यावर बाहेरून बॅकएंड लिहायला लागतात आणि मग तो बदलता येत नाही.

ट्रान्झॅक्शनबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. पोस्टग्रेसचं डिफॉल्ट आयसोलेशन (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे बदल कधी दिसावेत याचा नियम) रीड कमिटेड, इनोडीबीचं (मायएसक्यूएल कुळाच्या डिफॉल्ट साठवण इंजिनचं) रिपीटेबल रीड. तुमच्या लायब्ररीवर कोणी ‘पावती तयार झाली का’ असं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पुन्हा पुन्हा विचारणारा वर्कर लिहिला असेल, तर इथे त्याला पहिल्या वाचनाच्या वेळचंच चित्र दिसत राहील. पावती तयार होऊनही तो थांबलेलाच. जँगोने २.० पासून मायएसक्यूएलसाठी रीड कमिटेड डिफॉल्ट केलं. तुम्हीही तेच करा आणि बदलायची सेटिंग ठेवा.

एरर परत प्रयत्न करण्याजोगी आहे का हे ठरवतानाही सांभाळा. १२१३ म्हणजे डेडलॉक, त्यात इनोडीबी अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतं. १२०५ म्हणजे लॉकची वाट पाहून वेळ संपली, डिफॉल्ट ५० सेकंद. त्यात फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे जातं, आधीचे बदल ट्रान्झॅक्शनमध्ये जिवंत असतात. दोन्हींना सारखं वागवून फक्त शेवटचं स्टेटमेंट पुन्हा चालवलं तर डेडलॉकनंतर हिशेबपट्टीची शेवटची ओळ तेवढी साठेल, वरच्या गायब. तुमच्या रीट्राय डेकोरेटरने दोन्ही वेळा स्वतः रोलबॅक करून ब्लॉक पहिल्यापासून चालवावा.

कनेक्शन पूल असेल तर वेट_टाइमआउटही पाहा. डिफॉल्ट २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास, पण होस्टिंगवाले ते बरंच खाली आणतात. रात्रभर पडून राहिलेलं कनेक्शन सकाळी पहिल्या लिलावाच्या वेळी २००६ (सर्व्हरशी संपर्क तुटला) देतं. ठरावीक वयानंतर कनेक्शन बदलायची सेटिंग द्या.

चाचणी_पंचवटी

आवृत्तीबद्दल. उबुंटू २२.०४ सोबत मारियाडीबी १०.६ येतं, डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ सोबत १०.११. मायएसक्यूएल ५.७ चा अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. मारियाडीबी १०.६ आणि मायएसक्यूएल ८.०.१६ ही तळरेघ धरलीत तर स्किप लॉक्ड, रिनेम कॉलम, चेक कन्स्ट्रेंट हे सगळं दोन्हीकडे मिळतं. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट वाचून सोडून दिला जायचा, तपासला जायचा नाही. म्हणून कनेक्शन उघडताना तळरेघेखालचा सर्व्हर दिसला तर सरळ अपवाद फेका. इशारा छापून पुढे जाऊ नका, तो कोणी वाचत नाही.

सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये) अडकवणाऱ्या जागा अशा. मारियाडीबीचा अधिकृत कंटेनर पहिल्यांदा उठताना आतमध्ये तात्पुरता सर्व्हर चालवून डेटा तयार करतो, तो बंद करतो आणि मग खरा सर्व्हर सुरू करतो. नुसतं पिंग करणारी तपासणी तात्पुरत्या सर्व्हरलाच ‘तयार’ समजते आणि चाचण्या कधी पास, कधी कनेक्शन रिफ्यूज्ड अशा डोलत राहतात. इमेजमध्ये हेल्थचेक.एसएच दिलेलं आहे, त्याला कनेक्ट आणि इनोडीबी_इनिशियलाइज्ड हे दोन पर्याय द्या. डेटा डिरेक्टरी टीएमपीएफएसवर (डिस्कऐवजी मेमरीत) ठेवली की मायग्रेशनच्या चाचण्या बऱ्याच भराभर होतात. मायएसक्यूएल ८ च्या जॉबमध्ये पायमायएसक्यूएलसोबत क्रिप्टोग्राफी पॅकेज घाला, नाहीतर कॅशिंग_शा२_पासवर्डवर लॉगिन अडतं. कोणी मायएसक्यूएलक्लायंट वापरत असेल तर होस्टमध्ये लोकलहोस्ट लिहू नये. ती सी लायब्ररी लोकलहोस्ट पाहिलं की सॉकेट शोधते, आणि कंटेनरचा सॉकेट बाहेर नसतो. १२७.०.०.१ लिहा.

तुमच्या चाचण्या प्रत्येक टेस्टभोवती सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली परत येण्याची खूण) घेऊन शेवटी तिथे परत जात असतील, तर ज्या टेस्टमध्ये टेबल तयार होतो तिथे १३०५ येईल, सेव्हपॉइंट अस्तित्वात नाही म्हणून. आपोआप झालेल्या कमिटने तो पुसला गेलेला असतो. अशा टेस्ट वेगळ्या क्लासमध्ये काढा आणि त्यांच्यानंतर टेबल ड्रॉप करा.

सगळ्यात महत्त्वाचं, चाचण्या बॅकएंडनिहाय लिहू नका. एकच सामायिक संच ठेवा, जो तिन्ही डेटाबेसवर तसाच चालतो. फीचर नसेल तर टेस्ट फीचर क्लासला विचारून वगळली जाते. वगळलेल्या टेस्टची यादी सीआयच्या अहवालात छापा. ती यादी म्हणजेच तुमच्या डॉक्युमेंटेशनमधलं मर्यादांचं पान.

गोदाकाठ_पायथन

मनापासून आभार. फीचर क्लासची पुल रिक्वेस्ट आधी काढतो, मारियाडीबीची त्यावर.

एक शंका राहिली. नावांवर युनिक की आहे अशा टेबलमध्ये पोस्टग्रेसमधला डेटा मारियाडीबीत आणताना काही आडनावं डुप्लिकेट म्हणून नाकारली जातात. पोस्टग्रेसमध्ये ती वेगळी म्हणून सुखाने राहत होती. कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय आहे. डोळ्यांना तर ती सारखीच दिसतात.

निफाड_स्कीमा

‘कऱ्हाडकर’सारखी आडनावं असतील. युनिकोडमध्ये ऱ हे यू+०९३१ असं एकच अक्षर आहे, आणि र (यू+०९३०) अधिक नुक्ता (यू+०९३सी) असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं. दोन्ही रूपं युनिकोडच्या दृष्टीने समान. पोस्टग्रेस डिफॉल्टने शेवटी बाइट पाहतं, म्हणून तिथे ती दोन वेगळी नावं. युनिकोडच्या क्रमवारीवर आधारलेली कोलेशन दोघांना एकच मानतात, म्हणून इथे युनिक की अडते. तिसरंही एक रूप जुन्या कीबोर्डवरून येतं: र, हलन्त आणि मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह). एनएफसी (समान रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं रूपांतर) केलं तर पहिली दोन रूपं एक होतात, तिसरं तसंच राहतं.

लायब्ररीने आपणहून नावं बदलू नयेत. तपासायला टेबलवरून एकदा कॅरेक्टर_लेंग्थ आणि हेक्स काढून पाहा. पहिल्या रूपापेक्षा उरलेल्या दोन्हींत एकेक अक्षर जास्त भरतं, आणि हेक्समध्ये ई०ए४बीसी दिसलं तर नुक्ता, ई२८०८डी दिसलं तर झेडडब्ल्यूजे. पोस्टग्रेसमध्ये असतानाच एनएफसी करून, झेडडब्ल्यूजेच्या ओळी हाताने पाहून, मग आयात करा. नावाच्या जोडीला खाते क्रमांक तपासल्याशिवाय दोन ओळी एकत्र करू नका, एकाच आडनावाची दोन माणसं खरीही असू शकतात.

कोलेशन सर्व्हरच्या मर्जीवर सोडू नका, क्रिएट टेबलमध्ये लायब्ररीने स्वतः लिहावं. यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे मायएसक्यूएल ८ चं डिफॉल्ट आहे आणि जुन्या मारियाडीबीला ते नाव ठाऊकच नाही, डंप नेला की ‘अननोन कोलेशन’ म्हणून थांबतो. लॉट कोड, पावती क्रमांक अशा इंग्रजी अक्षरांच्या कॉलमना मात्र यूटीएफ८एमबी४_बिन द्या, नाहीतर छोट्या आणि मोठ्या एबीसीतला फरक पुसला जातो.

चाचणी_पंचवटी

याला जोडूनच नावांच्या लांबीची टेस्ट घाला. पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइटची आहे, मायएसक्यूएल कुळाची ६४ अक्षरांची. देवनागरीत एका कोडपॉइंटला ३ बाइट, म्हणजे पोस्टग्रेसवर टेबलचं नाव २१ कोडपॉइंटच्या पुढे गेलं की ते कापून नुसती नोटीस देतं. ‘हिशेबपट्टी_तपशील’ हे नाव तेवढ्यात बसतं, त्यापुढे इंडेक्ससाठी लांब शेपूट जोडलं की बसत नाही. फीचर क्लासमध्ये आकड्यासोबत एकक ठेवा, बाइट की अक्षर. आणि चार मजकुरी कॉलमची एकत्र युनिक की केलीत तर २५५ गुणिले ४ बाइट गुणिले ४ कॉलम, ४०८० होतात. इनोडीबीची मर्यादा ३०७२ बाइट, म्हणून मायएसक्यूएलवर १०७१ (की फार लांब) येईल. हा हिशेब मायग्रेशन चालवण्याआधी स्कीमा एडिटरनेच करावा आणि कोणता कॉलम किती कमी करायचा ते संदेशात सांगावं.